भातानंतरचा वाल : एका कडधान्याचा आणि जमिनीच्या हक्काचा इतिहास

#थ्रेड

१/ भाताची कापणी आटोपली की कोकणातील बरीचशी शेते पुढल्या पावसाची वाट पाहत पडून राहतात. रायगडच्या किनारपट्टीत मात्र अनेक शेतांत दुसरे पीक उभे राहते. त्याला पाटाचे पाणी लागत नाही. जमिनीत उरलेली ओल आणि पहाटेचे दव एवढ्यावर ते पोसले जाते. हे पीक म्हणजे वाल.

२/ वालाचे वन्य पूर्वज आफ्रिकेतले. महाराष्ट्रात मात्र तो फार पूर्वी रुजला. घोड नदीकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्तीतील कडधान्यांमध्ये वालही आढळला. संस्कृत वैद्यकग्रंथांत तो ‘निष्पाव’ या नावाने येतो. ज्या राजम्याला आज आपण अस्सल देशी समजतो, तो अमेरिका खंडातून १४९२ नंतर जगभर पसरला.

३/ लागवडीची रीत साधी आहे, पण तीत वेळेला फार महत्त्व. भात निघताच, जमीन वाळण्याआधी दाणा मातीत गेला पाहिजे. उशीर झाला तर ओल खाली उतरते आणि रोपाची मुळे तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत. घराच्या परसात वेली मांडवावर चढवतात, तर शेतातील कडवा वाल जमिनीलगतच पसरतो.

४/ वालाच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र मातीत आणतात. भाताने जमिनीतून जे घेतले, त्याचा काही भाग वाल परत करतो. हे शास्त्र उलगडले एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. भातामागून कडधान्य घेण्याची शेतकऱ्याची रीत त्याहून कितीतरी जुनी आहे.

५/ थंडीत शेंगा हिरव्या व भरलेल्या असतात. तेव्हा पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, पुन्हा पाला. पाण्याचा थेंबही नाही. तोंड पाल्याने बंद करून मडके उपडे ठेवायचे आणि भोवती पेंढा पेटवायचा.

६/ बेगमीच्या दाण्यासाठी मात्र शेंगा वेलीवरच वाळू देतात. काढणी सकाळी दव असताना करतात, कारण उन्हात कोरड्या शेंगा तडकून दाणे मातीत सांडतात. मग खळ्यावर वाळवण, काठीने झोडपणी आणि सुपाने पाखडणी. दाण्यात दमटपणा राहिला की बुरशी धरते, आणि भुंग्याचे भय असतेच. म्हणून कडक ऊन देऊन, राखेत घोळवून तो मडक्यात भरतात.

७/ कडवा वाल थेट शिजवून खाण्याजोगा नसतो. तो भिजवावा लागतो, त्याला मोड आणावे लागतात आणि सालेही काढावी लागतात. दाण्यातील कडू व अपायकारक द्रव्ये या संस्कारांनी आणि शिजण्याने कमी होतात. त्याच डाळिंब्यांचे बिरडे होते.

८/ आता प्रश्न जमिनीचा. बियाणे राखून ठेवणाऱ्याला पुढच्या वर्षी जमीन आपल्याकडे असेल, हे ठाऊक असावे लागते. कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडमधील, अनेक कुळांना ही खात्री नव्हती. खोत हा सरकार आणि कसणारा यांच्यामधला वसुलीदार. खंड थकला किंवा खोताची मर्जी फिरली, की जमीन हातची जाई.

९/ २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबागजवळच्या चरी येथे शेतकऱ्यांची परिषद भरली. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली २५ गावांनी खोतांची जमीन न कसण्याचा निर्धार केला. संप १९३९ पर्यंत चालला. ऐन हंगामात शेते पडीक राहिली. जे कसून जगत होते, ते लाकूडफाटा व मजुरीवर दिवस काढू लागले. तरी संप मोडला नाही.

१०/ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३९ च्या कूळ कायद्याने ‘संरक्षित कूळ’ ही संकल्पना आणली. पुढे १९४८ चा कूळ कायदा झाला, आणि त्यातील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवशी कायद्याच्या अटींत बसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली.

११/ भाताचा खंड, कबुलायती आणि खटले यांची नोंद दफ्तरांत राहते. राखेत घोळवून पुढच्या पेरणीसाठी ठेवलेल्या मूठभर वालाची नोंद कुठेच नसते. तरी कुळाची मागणी त्या मडक्यावरूनही समजते : जो बी राखतो, त्याला ते पेरायला पुढच्या वर्षीही तीच जमीन मिळावी. चरीच्या शेतकऱ्यांनी सहा वर्षे सोसले, ते याच खात्रीसाठी.

(समाप्त)