शाहू बोर्डिंगची चूल

रयत शिक्षण संस्था म्हटलं की आपल्याला 'कमवा आणि शिका' आठवतं. मला विचाराल तर तिथली खरी क्रांती स्वयंपाकघरात झाली.

भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले इथे संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला बोर्डिंग सुरू केलं. (त्याला शाहू महाराजांचं नाव मिळालं ते १९२७ साली, गांधीजींच्या हस्ते.) मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, सगळी पोरं एकत्र. स्वयंपाक, झाडलोट, पाणी भरणं सगळं त्यांनीच करायचं. आता एका पंगतीत बसणं एक वेळ जमेल हो, पण दुसऱ्या जातीच्या पोराने थापलेली भाकरी खायची? त्या काळी यावरून घरं फुटायची!

भाऊरावांना हे नवीन नव्हतं. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात असताना ते दलित मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेले, परतल्यावर आंघोळ करायला नकार दिला आणि तिथून बाहेर पडावं लागलं.

पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. त्यांनी या पोरांना आईसारखं सांभाळलं. भाऊराव देणग्यांसाठी फिरतीवर असायचे, मागे धान्य संपायचं. मग एकेक दागिना गेला, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. १९३० मध्ये त्या वारल्या. 'कर्मवीर' ही पदवी भाऊरावांना शोभतेच, पण पोरं उपाशी झोपली नाहीत ती या बाईमुळे.