हवा उपसली आणि किरण वळला

पाठीमागे फुगीर असलेला जुना टीव्ही अनेकांना आठवत असेल. त्याच्या काचेच्या नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत चुंबकीय बलाने वळवून चित्र उमटवले जाई. हा झोत नेमका कशाचा, यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात मोठा वाद होता.

तेव्हा त्याला कॅथोड किरण म्हणत. अनेक जर्मन शास्त्रज्ञ त्यांना ईथरमधील तरंग मानत, तर इंग्रजांना ते विद्युतभारित कण वाटत. चुंबकाने ते वळतात हे दोघांनाही ठाऊक होते. पण ऋणभारित कण असतील, तर धन पट्टीकडेही ते ओढले जायला हवेत. पुढे रेडिओलहरींचा शोध लावणाऱ्या हाइनरिश हर्ट्‌झ यांनी १८८३ मध्ये हे तपासले. किरण तसूभरही हलला नाही. तरंगवाद्यांना बळ मिळाले.

१८९७ मध्ये केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसन यांनी तोच प्रयोग पुन्हा केला. सुरुवातीला त्यांनाही वळण दिसेना. मग त्यांनी नळीतली हवा आणखी उपसली आणि किरण वळला! नळीत उरलेला वायू किरणांमुळे वीजवाहक बनत होता आणि त्यातले भार पट्ट्यांचा प्रभाव झाकून टाकत होते.

पुढचे काम न्यूटनच्या गतिनियमांनी केले. विद्युत आणि चुंबकीय बले एकमेकांविरुद्ध लावून किरण सरळ ठेवला, की त्या क्षेत्रांच्या गुणोत्तरातून कणाचा वेग कळतो. मग एकाच क्षेत्रातले वळण मोजले, की भार आणि वस्तुमान यांचे गुणोत्तर मिळते. ते हायड्रोजनच्या आयनापेक्षा सुमारे हजारपट निघाले. आजच्या मोजमापाने ते १८३६ पट आहे. अणूहून कितीतरी हलका असा कण प्रथमच हाती लागला होता.

मला या कथेत हर्ट्‌झ यांच्याविषयीही आदर वाटतो. त्यांचा तर्क बरोबर होता, जे दिसले ते त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. उणीव होती ती नळीत उरलेल्या हवेची. थॉमसन यांचा हात नाजूक कामात बेताचाच. त्यांच्या नळ्या काच फुंकून घडवल्या त्या एबेनेझर एव्हरेट या सहायकाने. इलेक्ट्रॉनच्या शोधात सिद्धान्ताइतकाच त्या कारागिराच्या फुंकरीचाही वाटा आहे.