साम्राज्यवादी इतिहासलेखन आणि प्रा. अ. रा. कुलकर्णी : चाकण परिसरातून एक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
जेम्स कनिंगहॅम ग्रँट डफ (१७८९-१८५८) हा १८१८ ते १८२२ या काळात सातारा येथे कंपनी सरकारचा प्रतिनिधी होता. त्याने लिहिलेला मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाला. ज्यांचे राज्य नुकतेच गेले होते, त्यांचाच इतिहास जेत्याच्या अधिकाऱ्याने लिहावा, यातील विसंगती मराठी अभ्यासकांना प्रारंभापासून खटकत आली. नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७ मध्ये त्याचे परीक्षण केले. पुढे वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून मूळ साधनांचे खंड प्रसिद्ध करून वेगळा पाया घातला.

कुलकर्णी यांची भूमिका :
पुणे विद्यापीठाच्या इतिहास विभागाचे प्रमुख प्रा. अ. रा. कुलकर्णी (१९२५-२००९) यांनी या परंपरेत स्वतंत्र मार्ग स्वीकारला. त्यांनी ग्रँट डफ नाकारला नाही आणि शिरोधार्यही मानला नाही. त्याच्यावरील ग्रंथात त्यांनी त्याला 'प्रशासक-इतिहासकार' म्हटले. या जोडशब्दातच त्यांची पद्धती दडलेली आहे. महसूल वसूल करणाऱ्याला गाव कसे दिसते, हे समजल्याशिवाय त्याच्या लेखनाचे मोल करता येत नाही. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शिवकालीन महाराष्ट्रावरील इंग्रजी ग्रंथात राजा आणि लढाया यांच्याबरोबरच शेती, वतने व समाजव्यवस्था यांनाही स्थान मिळाले. टिळक महाराष्ट्र विद्यापीठाचे कुलगुरुपद आणि भारतीय इतिहास परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. तेथील अध्यक्षीय भाषणासाठीही त्यांनी मध्ययुगीन दख्खनचे खेडे हाच विषय निवडला, हे लक्षणीय होय.

स्थानिक संदर्भ :
चाकणचा संग्रामदुर्ग फिरंगोजी नरसाळा याने १६६० मध्ये शायिस्ताखानाविरुद्ध सुमारे दोन महिने लढविला, हे येथील विद्यार्थ्यास ठाऊक असते. त्या किल्ल्याभोवतीच्या गावांतील पाटील, कुलकर्णी व बलुतेदार यांच्याविषयी मात्र तो फारसे सांगू शकत नाही. चिंचवडच्या देव संस्थानाच्या कागदांवर लॉरेन्स प्रेस्टन यांचा अभ्यासग्रंथ १९८९ मध्ये केंब्रिजहून प्रसिद्ध झाला. इनामे आणि राज्यसत्ता यांचे नाते त्यातून उलगडते. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले आणि शेतांचे भूखंड झाले. जमीन हस्तांतरित होते तेव्हा तिच्याविषयीचे घरगुती कागद पुष्कळदा निरुपयोगी ठरून अडगळीत जातात.

निष्कर्ष :
साम्राज्याच्या इतिहासाला उत्तर केवळ अभिमानाने देता येत नाही. त्यासाठी कागद लागतात. कुलकर्णी यांच्या कार्यातून मिळणारा हा धडा आहे. औद्योगिक पट्ट्यातील महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना मोडी वाचनाचे शिक्षण द्यावे आणि परिसरातील घराण्यांच्या दप्तरांची नोंद करावी. अन्यथा या गावांविषयी सरकारी दप्तरातील जमाबंदीचे आकडेच शिल्लक राहतील आणि उद्याच्या संशोधकाला आपले गाव पुन्हा प्रशासकाच्याच नजरेने पाहावे लागेल.