सावरीचे काटे

तरुणांच्या तोंडावर उठणाऱ्या तारुण्यपीटिकांना सुश्रुतसंहितेने सावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे. कफ, वात व रक्त ही कारणे सांगून त्यांची गणना क्षुद्ररोगांत केली व वेखंड, लोध्र, सैंधव आणि मोहरी यांचा लेप सुचविला. आधुनिक वैद्यकाचे निदान निराळे आहे : वयात येताना संप्रेरकांमुळे तैलग्रंथी अधिक स्रवतात, त्वचा तेलकट होते, रंध्रे बुजतात व दाह होतो. १९८२ साली अमेरिकेत मान्यता पावलेले आयसोट्रेटिनॉइन उग्र विकारावर गुणकारी ठरले. परंतु ते गर्भास घातक असल्याने तज्ज्ञाच्या सल्ल्यावाचून वर्ज्यच. दोन्ही शास्त्रांनी हा विकार वयाच्या पदरी घातला आहे, वर्तनाच्या नव्हे. मग घरच्या वडीलधाऱ्यांनी तरी मुलांना अपराधी का ठरवावे?