बेल व्ह्यूच्या तिकीटविक्रेत्या

दि. ३१ जुलै २०२२ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर ८७,१९२ प्रेक्षकांच्या साक्षीने इंग्लंडच्या महिलांनी युरोपीय फुटबॉलचे अजिंक्यपद मिळविले. या वैभवाचा इतिहास सांगताना लंडन, मँचेस्टर येथील धनाढ्य क्लबांची नावे सहज ओठांवर येतात. परंतु या मंदिराच्या पायाचे दगड शोधावयाचे झाल्यास यॉर्कशायरमधील डॉन्कास्टर या कोळशाच्या खाणींच्या आणि रेल्वे कारखान्याच्या गावी जावे लागेल.

पहिल्या महायुद्धाच्या काळात कारखान्यांत राबणाऱ्या इंग्रज स्त्रियांनी फुटबॉलचे संघ उभारले. १९२० च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी लिव्हरपूल येथे प्रेस्टनच्या 'डिक, कर लेडीज' या संघाचा खेळ पाहावयास सुमारे ५३,००० लोक लोटले होते. पुढे वर्षही झाले नव्हते, तोच ५ डिसेंबर १९२१ रोजी फुटबॉल असोसिएशनने हा खेळ स्त्रियांना योग्य नाही असा निर्वाळा दिला आणि संलग्न क्लबांची मैदाने त्यांना बंद केली. ही बंदी जवळजवळ अर्धशतक टिकली.

बंदी कायम असतानाच, १९६९ साली, डॉन्कास्टर रोव्हर्स या पुरुष संघाच्या बेल व्ह्यू मैदानावर सोडतीची तिकिटे विकणाऱ्या काही तरुणींनी स्वतःचा संघ काढला. मैदानाच्या नावावरून त्या 'बेल्स' म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. पुरुषांच्या खेळासाठी पैसा गोळा करणाऱ्या या मुलींना मैदानाचे दार मात्र नियमानेच बंद होते!

त्यांनी जे उभारले ते विस्मयकारक होते. १९८३ ते १९९४ या बारा वर्षांत महिला चषकाच्या अकरा अंतिम सामन्यांत बेल्स खेळल्या आणि सहा वेळा विजयी झाल्या. १९९१-९२ मध्ये पहिली राष्ट्रीय लीग सुरू झाली, तेव्हा त्यांनी चौदाही सामने जिंकले. खेळ हे त्यांच्या उपजीविकेचे साधन नव्हते. तेराव्या वर्षी संघात आलेली गिलियन कूल्टार्ड कारखान्यात नोकरी करून खेळे. इंग्लंडकडून शंभर सामने खेळणारी ती पहिली स्त्री ठरली. पुढे २०२३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडचे नेतृत्व करणारी मिली ब्राइट हीदेखील पूर्वी बेल्सकडूनच खेळलेली.

मग खेळात पैसा आला. २०११ साली सुरू झालेल्या महिला सुपर लीगच्या आठ संस्थापक संघांत बेल्स होत्या. परंतु २०१३ च्या हंगामात त्यांचा एकच सामना झाला असताना असोसिएशनने निर्णय जाहीर केला, की पुढील वर्षी बेल्सना दुसऱ्या श्रेणीत जावे लागेल आणि पहिल्या श्रेणीत मँचेस्टर सिटीला स्थान मिळेल. निकष होते आर्थिक बळ, सुविधा आणि व्यवस्थापन. मैदानावरचे उरलेले सामने जिंकूनही तो निर्णय बदलणार नव्हता. बेल्सनी अपील केले, ते फेटाळण्यात आले.

२०१८ साली तर याहून विलक्षण घडले. बेल्स दुसऱ्या श्रेणीत अव्वल आल्या. पण नव्या रचनेचा खर्च झेपेना म्हणून त्यांना तिसऱ्या श्रेणीत उतरावे लागले. त्याच वर्षी मँचेस्टर युनायटेडला दुसऱ्या श्रेणीत थेट प्रवेश मिळाला. याच क्लबने २००५ साली आपला महिला संघ विसर्जित केला होता!

असोसिएशनच्या बाजूनेही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. पगार, वैद्यकीय देखभाल, उत्तम मैदाने यांवाचून मुलींना हा खेळ व्यवसाय म्हणून पत्करता आला नसता आणि या गोष्टींना पैसा लागतोच. तथापि प्रगतीसाठी पैसा लागतो असे म्हणणे वेगळे आणि ज्याच्यापाशी पैसा त्याचीच प्रगती असे ठरविणे वेगळे. १९२१ साली स्त्रियांना त्या स्त्रिया म्हणून बाहेर काढले. २०१३ साली एका लहान गावाला ते लहान म्हणून मागे सारले. दोन्ही वेळी खेळातील गुणवत्ता हा प्रश्नच नव्हता.

वेम्बलीवरील जयघोष रास्तच होता. त्यातील एक वाटा बेल व्ह्यूच्या त्या तिकीटविक्रेत्यांचा आहे, एवढी नोंद इतिहासाने ठेवावयास हवी.