मिरासदार आणि उपरी

पेशवाईच्या काळचें जमिनीचें दफ्तर ज्यानें थोडें तरी चाळलें आहे त्यास मिरासदार व उपरी हा भेद नव्यानें सांगावयास नको. मिरासदार सरकारधारा भरीत असेपर्यंत त्यास जमिनीवरून कोणी उठवीत नसे; दुष्काळामुळें गांव सोडून गेलेला मिरासदार पुष्कळ वर्षांनीं परतला तरी आपल्या मिराशीवर हक्क सांगे. उपऱ्याचें तसें नव्हतें. त्याचा करार मुदतीचा. मुदत सरली कीं त्याचा त्या शेताशीं संबंध सरला, मग त्यानें तेथें बांधबंदिस्ती केलेली असो वा नसो. हा जुना भेद आज आम्हांस पुन्हां आठवला तें ठिकाण मात्र शेताचें नाहीं. ध्वनीची काटछाट करणाऱ्या संगणकीय साधनांचा, म्हणजे ऑडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरचा, गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास पाहत असतां तो आठवला. गाणें, कीर्तन, नाट्यप्रयोग, घरांतील वडीलधाऱ्यांचा आवाज, जें जें कानासाठीं साठवून ठेवावयाचें तें आज याच साधनांच्या हातून जातें. तेव्हां त्या साधनांचा धनी कोण, हा प्रश्न केवळ व्यापाऱ्यांचा राहत नाहीं.

पूर्वीं ध्वनिफितीवर संस्कार करावयाचा म्हणजे पात्यानें फीत तिरपी कापावयाची व चिकटपट्टीनें जोडावयाची. पातें एकदां बाजारांतून आणलें कीं तें आपलें झालें. तें करणाऱ्या कारखानदारानें पुढें धंदा बदलला तरी आपलें काम अडत नसे. १९८५ सालीं अमेरिकेंत पीटर गॉचर व एव्हन ब्रुक्स यांनीं ‘साउंड डिझायनर’ बाजारांत आणलें, आणि त्यांच्याच डिजिडिझाइन कंपनीनें १९९१ सालीं ‘प्रो टूल्स’ काढलें. जर्मनींतील स्टाइनबर्ग कंपनीचें ‘क्यूबेस’ १९८९ सालीं अटारी संगणकावर आलें, तें एका किल्लीसह आलें. संगणकाच्या खांचेंत ती लहानशी वस्तु, जिला डोंगल म्हणतात, बसविल्यावांचून तो प्रोग्राम चालत नसे. नकला करणाऱ्यांच्या उपद्रवामुळें हीं कुलपें आलीं हें खरें. परंतु कुलपाचा जाच प्रामाणिक गिऱ्हाइकासच अधिक होतो, कारण चोर तें फोडूनच आंत शिरतो.

हीं साधनें धंदेवाईक ध्वनिगृहांचीं. सामान्य माणसाच्या घरांत ही कला नेण्याचें श्रेय पुष्कळ अंशीं ‘कूल एडिट’ या लहानशा प्रोग्रामास द्यावें लागेल. मायक्रोसॉफ्टची नोकरी सोडलेल्या डेव्हिड जॉन्स्टन व रॉबर्ट एलिसन या दोघांनीं १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत सिंट्रिलियम नांवाची संस्था काढली आणि तिच्यामार्फत हा प्रोग्राम लोकांत सोडला. त्यांची विक्रीची तऱ्हा मोठी मौजेची होती. पैसे न भरणाऱ्यास प्रोग्राम उघडतांच प्रश्न विचारला जाई कीं, आज कोणत्या दोन गटांचीं कामें करावयाचीं आहेत? खरखर काढून ती फाइल जतन करावयाची असेल तर ते दोन गट निवडावे. बाकीचीं अवजारें त्या बैठकीपुरतीं बंद. दुसरें कांहीं करावयाचें मनांत आलें कीं प्रोग्राम मिटावा, पुन्हां उघडावा, पुन्हां दोन गट निवडावे. ज्याच्या अंगीं चिकाटी असेल त्याचें सर्व काम अशा रीतीनें फुकटांत होई. ज्यास कंटाळा येई तो पैसे भरी. मनुष्यस्वभावाची इतकी अचूक पारख आम्हांस कोणत्याही पेढीवाल्याच्या ठिकाणीं आढळली नाहीं! पैसे भरले कीं नांव व एक संकेतांक मिळे. तो एकदां लिहिला कीं काम झालें. तो खरा कीं खोटा हें विचारण्यास संगणकास दूरदेशीं दूत पाठवावा लागत नसे. ही मिराशीच होती.

२००३ च्या मे महिन्यांत अडोबी कंपनीनें सिंट्रिलियमची ही सारी मत्ता १ कोटी ६५ लाख डॉलरांस विकत घेतली. ऑगस्टांत ‘कूल एडिट प्रो’ हाच प्रोग्राम ‘अडोबी ऑडिशन’ हें नांव धारण करून बाहेर पडला, आणि घरगुती गिऱ्हाइकांचा स्वस्त ‘कूल एडिट २०००’ बंद झाला. त्याच वर्षीं ‘साउंड फोर्ज’ हें दुसरें नामांकित साधन सॉनिक फाउंड्रीकडून सोनीच्या हातीं गेलें. २०१६ सालीं तेंही जर्मनींतील मॅजिक्सकडे गेलें. आपल्याकडे गादीवर नवा छत्रपति बसला कीं वतनदार जुन्या सनदा घेऊन हुजूर येत आणि नजराणा ठेवून त्या नव्या करून घेत. तसेंच येथें होऊं लागलें. धनी बदलला, आवृत्ति बदलली, कीं नवा नजराणा.

नजराणा देऊन पूर्वींचें सर्व हक्क कायम राहते तरी तक्रारीस फारशी जागा नव्हती. पण २०११ सालीं ‘ऑडिशन’ नव्यानें लिहिलें गेलें, तेव्हां आदल्या, म्हणजे २००७ सालच्या, तिसऱ्या आवृत्तींतील मिडीची सोय त्यांत आढळेना. याहून कठीण गोष्ट पुढेंच होती. अनेक पट्ट्यांवर रचलेलें काम ज्या जुन्या पद्धतीच्या फाइलींत ठेवलेलें असे, ती फाइल नवी आवृत्ति उघडीच ना! ती तिसऱ्या आवृत्तींत उघडावी, निराळ्या रूपांत लिहावी, मग नवींत आणावी, हा मार्ग होता. म्हणजे नवें घर घेतलें तरी आपलें सामान बाहेर काढण्यासाठीं जुन्या घराची किल्ली जवळ हवीच. आणि ती तिसरी आवृत्ति तर नव्या संगणकावर घालतांना कंपनीच्या यंत्राची संमति मागणारी! पुढें तें संमति देणारें यंत्रच बंद झालें. कंपनीनें जुन्या धारकांसाठीं संमतीची गरज नसलेल्या प्रती उपलब्ध केल्या, हें तिच्या पदरीं घातलें पाहिजे. पण त्या फुकट वाटल्या आहेत असें समजून भलत्यांनींच त्यांवर झडप घातली.

२०१३ च्या मे महिन्यांत कंपनीनें जाहीर केलें कीं यापुढें नव्या आवृत्त्या विकत मिळावयाच्या नाहींत. महिन्याचें भाडें भरावें व वापरावें. मिराशी संपून उपऱ्यांचें राज्य सुरू झालें तें येथें. हजारों लोकांनीं सह्या करून विरोध नोंदविला. तो निष्फळ झाला. २०१९ सालीं तर कांहीं भाडेकऱ्यांस पत्रें गेलीं कीं, तुम्ही वापरतां त्या जुन्या आवृत्त्यांचा परवाना आतां उरलेला नाहीं आणि त्या चालू ठेवल्यास तिसऱ्या पक्षाकडून तुमच्यावर दावा होण्याचा संभव आहे. भाडें वेळेवर भरणाऱ्यासही जुन्या खोलींत राहण्याची मुभा नाहीं, हा अनुभव नवाच होता.

कायदा यांत कोणाच्या बाजूस आहे म्हणावें, तर तो देशागणिक निराळा बोलतो. ऑटोडेस्क कंपनीच्या जुन्या प्रती विकणाऱ्या एका माणसाच्या खटल्यांत अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयानें २०१० सालीं ठरविलें कीं, गिऱ्हाइकास मिळाला तो परवाना, मालकी नव्हे. दोनच वर्षांनीं युरोपच्या न्यायालयानें ओरॅकल कंपनीच्या प्रकरणीं उलट सांगितलें: एकरकमी पैसे घेऊन बेमुदत दिलेला परवाना ही विक्रीच होय, व घेणारा तो पुढें विकूं शकतो.

तथापि विकणाऱ्याची बाजू अगदींच पोकळ नाहीं. संगणकाची मूळ प्रणाली दर थोड्या वर्षांनीं बदलते आणि जुनें साधन तिच्याशीं जुळवून देण्यास कारागिरांचे श्रम लागतात. ते श्रम दहा वर्षांपूर्वीं एकदांच मिळालेल्या पैशांत कोणी किती दिवस करावे? यास भाडें हाच एक उपाय आहे असें मात्र नाहीं. ‘विनॅम्प’कर्ता जस्टिन फ्रॅंकेल याच्या ‘रीपर’ची रीत पाहावी. साठ दिवस सर्व अवजारें मोकळीं. पुढें लहान वापरास साठ डॉलर, मोठ्या धंद्यास सवादोनशें. आणि त्याच पैशांत चालू आवृत्तीबरोबर पुढची मोठी आवृत्तिही पदरांत. उलट २०२३ च्या मार्चांत वेव्ह्ज कंपनीनें बेमुदत परवाने विकणें एकाएकीं थांबविलें. तेव्हां असा गिल्ला झाला कीं थोड्याच दिवसांत तिला ते पुन्हां सुरू करावे लागले.

मिरास व उपरी यांखेरीज आपल्या गांवांत तिसरीही एक जमीन असे, ती गायरान. ‘ऑडॅसिटी’ हा प्रोग्राम त्या जातीचा. कार्नेगी मेलन विद्यापीठांत डॉमिनिक मॅझोनी व रॉजर डॅनेनबर्ग यांनीं १९९९ सालीं त्यास हात घातला व २००० च्या मे महिन्यांत तो लोकांत आला. वापरावा, उघडून पाहावा, बदलावा, वाटावा, अशी मोकळीक त्याच्या परवान्यांतच आहे. परंतु गायरानाच्या वाटेवरही दुसऱ्याचें शेत आडवें येतें. एमपीथ्री या पद्धतीवर पेटंटांचा हक्क होता. तेव्हां त्या रूपांत फाइल लिहिण्याचें अवजार निराळें शोधून, उतरवून, जोडून द्यावें लागे, आणि नवशिक्यांची पहिली ठेंच बहुधा तेथेंच लागे. त्या पेटंटांचा अंमल २०१७ सालीं उठला, तेव्हां कोठें तो अडथळा दूर झाला.

२०२१ सालीं म्यूझ ग्रूप या कंपनीनें ऑडॅसिटीचा कारभार आपल्याकडे घेतला. लगोलग, वापरणाऱ्यांच्या वापराची माहिती गोळा करावी असा प्रस्ताव तिनें मांडला. ओरड झाली व तो मागें घेण्यांत आला. जुलै महिन्यांत नवें गोपनीयतेचें पत्रक निघालें, त्यांत तेरा वर्षांखालील मुलांनीं हा प्रोग्राम वापरूं नये असें कलम होतें. ज्याचा परवाना कोणासही मज्जाव करीत नाहीं त्यावर हें कलम कसें बसावें? पुन्हां ओरड झाली आणि पत्रक बदलावें लागलें. परंतु दरम्यान कांहीं मंडळींनीं, परवान्यानें दिलेल्या हक्काप्रमाणें, त्याचा सर्व मूळ मजकूर उचलला आणि ‘टेनॅसिटी’ या नांवानें आपली वेगळी चूल मांडली. अडोबीच्या गिऱ्हाइकांपुढें २०१३ सालीं सह्या करण्यापलीकडे कांहीं उरलें नव्हतें. यांना कोणाची सही मागावी लागली नाहीं.