चेहऱ्यामागची जाहिरात

क्रिकेट कर्णधाराची पत्रकार परिषद असो, चित्रपटाचा प्रीमियर असो वा पुरस्कार सोहळा, मान्यवरांच्या मागे छोट्या छोट्या बोधचिन्हांनी भरलेला फलक हमखास असतो. आपल्याकडे त्याला ‘बॅकड्रॉप’ किंवा ‘मीडिया वॉल’ म्हणतात. जाहिरात व्यवसायातील त्याचे नाव ‘स्टेप अँड रिपीट’. हा शब्द मूळचा छापखान्यातला. एकच प्रतिमा ठरावीक अंतराने सरकवत प्लेटवर पुनःपुन्हा उमटविण्याच्या पद्धतीला तेथे असे म्हणत.

एकच मोठे चिन्ह न छापता लहान चिन्हे वारंवार छापण्यामागे साधा हिशेब आहे. छायाचित्र वृत्तपत्राच्या कार्यालयात पोहोचले की त्याची कापाकापी होते आणि एका स्तंभात अनेकदा केवळ चेहरा व खांदे उरतात. मोठे चिन्ह अशा वेळी पाहुण्याच्या देहाआड जाते किंवा अर्धवट कापले जाते. लहान चिन्हे मात्र विटांच्या बांधकामाप्रमाणे एकाआड एक ओळ सरकवून मांडली, तर छायाचित्र कसेही कापले तरी एखादे चिन्ह कानाजवळ शाबूत राहतेच. त्यामुळे आठ फूट उंचीच्या फलकावर खरी किंमत असते ती चेहऱ्याच्या उंचीवरील पट्ट्याला. पायाजवळची चिन्हे बहुधा कोणाच्याच नजरेस पडत नाहीत. बसून होणाऱ्या पत्रकार परिषदेत हाच मोलाचा पट्टा खाली उतरतो.

फलक फ्लेक्सचा असो वा कापडाचा, तो चकचकीत नसावा, हा पहिला नियम. अन्यथा फ्लॅशचा प्रकाश परावर्तित होऊन नेमके चिन्हच पांढरे पडते. पाहुण्याने फलकापासून तीन-चार फूट पुढे उभे राहावे, म्हणजे सावली चिन्हांवर पडत नाही. घडी घातलेल्या फ्लेक्सच्या सुरकुत्या छायाचित्रात ठळक दिसतात. म्हणून तो गुंडाळूनच नेतात. चिन्हांची गर्दी करण्याचा मोह मात्र अनेक आयोजकांना आवरत नाही आणि मग एकही नाव वाचता येत नाही.

कोणत्या प्रायोजकाचे चिन्ह किती वेळा यावे, हे सहसा करारातच ठरते. भारतीय क्रिकेट संघाची जुनी छायाचित्रे पाहताना प्रायोजकाच्या नावावरून काळ ओळखता येतो, तो यामुळेच. सहारा, स्टार, ओप्पो, बायजूज, ड्रीम११ अशी ही नावे बदलत गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगविषयक कायदा झाल्यावर ड्रीम११ बाजूला झाले. सप्टेंबरमधील आशिया चषकात संघ जर्सीवर प्रायोजकाविना खेळला आणि त्यानंतर अपोलो टायर्सचे नाव आले.

हितसंबंधांचा संघर्षही नवा नाही. २००२ मध्ये श्रीलंकेतील चॅम्पियन्स करंडकापूर्वी आयसीसीच्या प्रायोजकांचे हक्क आणि भारतीय खेळाडूंचे वैयक्तिक जाहिरात करार यांवरून मोठा वाद झाला होता. जून २०२१ मध्ये बुडापेस्ट येथील पत्रकार परिषदेत ख्रिस्तियानो रोनाल्डोने समोरच्या कोका-कोलाच्या दोन बाटल्या बाजूला सारल्या. या स्पर्धेत असे प्रकार वाढू लागताच युएफाने संघांना प्रायोजकांशी असलेल्या बांधिलकीची आठवण करून दिली. बाटली तरी हलविता येते; फलक हलविता येत नाही.

वृत्तपत्रांपुढील पेच याहून नाजूक आहे. पैसे मोजून छापलेल्या मजकुरावर ‘जाहिरात’ असा उल्लेख असतो. बातमीच्या छायाचित्रातील चिन्ह मात्र बातमी म्हणूनच वाचकापर्यंत जाते. काही छायाचित्रकार चेहरा जवळून टिपतात किंवा पार्श्वभूमी धूसर करतात. त्यावर उपाय म्हणून आयोजक फलक खुर्चीला अगदी खेटून लावतात. पानमसाला, सोडा अशा नावांआडून तंबाखू व मद्याची चिन्हे पुढे येतात, तेव्हा हा प्रश्न केवळ अभिरुचीचा राहत नाही. तंबाखूच्या जाहिरातीस आणि प्रायोजकत्वास २००३ च्या कायद्याने मनाई आहे, तर २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी अशा आडवळणाच्या जाहिरातींवरही बंदी घातली. तरीही मार्च २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाला आयपीएलच्या अध्यक्षांना पत्र लिहून मैदानात व प्रक्षेपणात अशा जाहिराती रोखण्यास सांगावे लागले.

तारीख छापलेला फलक दुसऱ्या दिवशी निरुपयोगी ठरतो. पीव्हीसीचा थर असलेल्या फ्लेक्सचा पुनर्वापर अवघड असल्याने तो कचऱ्यात जातो, नाहीतर पावसाळ्यात एखाद्या झोपडीच्या छपरावर चढतो.